काकीसाठी शोधलेली युद्धनौका

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे इंग्रजीत छापलेलं जे काही असेल ते मला कळतं, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. मी तो समज मोडला नाही. मोडायला हवा होता का, हे मला अजून ठरवता येत नाही.

माझे थोरले काका महायुद्धात नौदलात गेले आणि परत आले नाहीत. ते गेल्याचा कागद कधी आला नाही, असं मी लहानपणापासून ऐकत होतो. काकी कुंकू लावायची. तिला मूलबाळ नव्हतं. लग्नकार्यात हळद लावायला तिला बोलवावं की नाही यावरून बायका कुजबुजत. बारा वर्षं कधीच उलटली होती. इतकी वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देता येतो, असं भटजींनी सांगितलं होतं, आणि चुलत आजोबा त्यासाठी मागे लागले होते. पुतळा जळला की काकीचं कुंकू जाणार. तिने वर्षभराची मुदत मागून घेतली, ती माझ्या भरवशावर.

मी मुंबईला निघालो तेव्हा तिने ट्रंकेतून काकांचा फोटो काढला. पांढरा गणवेश, तिरपी टोपी. मागे कोणीतरी इंग्रजीत बोटीचं नाव लिहिलं होतं. इतक्या वर्षांत तिला ते कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

"तेंचा नाव तुका म्हायत आसा," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. "जित्ते आसत काय गेले, ता बघून ये. आणि माका खरा काय ता सांग."

कॉलेजच्या ग्रंथालयात समुद्रावरच्या लढायांचं एक जाडजूड पुस्तक होतं. शब्दकोश शेजारी ठेवून मी आठ दिवस ते वाचलं. मोठमोठ्या युद्धनौका, त्यांच्या तोफांची तोंडं किती इंचांची, कोण कोणत्या दिशेने वळलं, याचे बाणांनी भरलेले नकाशे. खरं सांगायचं तर मी त्यात रमलो. दोन दिवस काकी आठवलीही नाही.

आमच्या बोटीला चार ओळी होत्या. ती लहान होती. बंगालच्या उपसागरात मालबोटींच्या तांड्याला सोबत करत होती. पाणबुडीचा टॉर्पेडो इंजिनखोलीच्या बाजूला लागला आणि काही मिनिटांत ती बुडाली. थोडे लोक वाचले. बाकीचा तांडा सुखरूप बंदराला लागला. पुढची ओळ दुसऱ्याच लढाईची होती.

नावं कुठेच नव्हती. प्राध्यापकांना भीतभीत विचारलं, तेव्हा त्यांनी फोर्टातल्या नौदलाच्या एका कचेरीचा पत्ता दिला. तिथल्या वयस्क कारकुनाने मला रजिस्टर काढून दिलं. त्या बोटीच्या पानावर काकांचं नाव नव्हतं. मी पुन्हा वरपासून बोट फिरवत आलो आणि मधेच थांबलो. तिथे माझ्या वडिलांचं नाव होतं. वडिलांचं, आजोबांचं, आडनाव, आमचं गाव, तालुका मालवण. पुढे 'मृत'.

माझे वडील त्या दिवशी गावात होते. आदल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी कोकमं पाठवली होती.

"कोण तुमचे?" कारकुनाने विचारलं.

"वडील," मी म्हणालो.

तो उठला आणि त्याने मला स्वतःची खुर्ची दिली. तुम्ही फार लहान असाल तेव्हा, असं काहीसं म्हणाला. मी हो म्हणालो. माझा जन्म बोट बुडाल्यानंतरचा.

मे महिन्यात घरी गेलो. वडील पडवीचं छप्पर शाकारत होते. मी खालून झावळ्या देत होतो. देता देता विचारलं. त्यांनी आणखी एक झावळी बांधली. मग सांगितलं. भरतीवाले मालवणात आले होते तेव्हा मित्रांच्या नादाने त्यांनी नाव दिलं होतं. हजर व्हायच्या दिवशी ते तापाने फणफणले होते. गेलं नाही तर पोलीस येतील, असं आजोबांनी धरलं. दोघे भाऊ दिसायला सारखे. कागदावर फोटो नव्हता, खूण म्हणून गुडघ्यावरचा व्रण लिहिला होता, आणि तसा व्रण आमच्याकडे कोणाच्या गुडघ्यावर नसतो? काका तो कागद घेऊन गेले. पुढे तार आली ती घरात असलेल्या माणसाच्या मरणाची. सरकारला फसवलं म्हणून बेडी पडेल, या भीतीने आजोबांनी ती चुलीत घातली.

"माज्या जाग्यार तो गेलो," वडील म्हणाले. "इतकी वर्सा मी वयनीच्या हातचा जेवतंय. आता सांगूचा कसा, ता तूच सांग."

मी पुढची झावळी वर दिली. कॉलेजात शिकलेल्याला उत्तर यायला हवं होतं.

काकीने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी विहिरीवर मला गाठलं.

"गावला?"

"नाय काकी. काकांचा नाव खंयच नाय."

"सगळी पाना बघितलंस?"

"होय."

तिने कळशी खाली ठेवली. "मगे आसतले खंय तरी," ती म्हणाली आणि हसली. मी तिला हसताना फारसं पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी तिने मला सरकारला अर्ज लिहायला बसवलं. वडील पडवीत होते. ते उठून मागच्या दारी गेले. मी काकांचं खरं नाव घातलं, ज्या नावाचा माणूस कुठल्याच युद्धनौकेवर चढला नव्हता. उत्तर काय येणार हे लिहिताना मला ठाऊक होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ते आलं. दोन ओळी. या नावाचा इसम नौदलाच्या सेवेत असल्याची नोंद नाही. चुलत आजोबांसमोर मी ते मोठ्याने वाचलं आणि मराठीत सांगितलं.

"म्हणजे ते गेले नाय मा?" काकीने विचारलं.

वडील खाली बघत होते. चुलत आजोबा म्हणाले, मग पुतळा कसला करायचा, आणि काठी घेऊन उठले. काकी अजून माझ्याकडेच बघत होती. मी मान हलवली. ती होय म्हणून हलवली की नाही म्हणून, हे तिने विचारलं नाही. तिने माझ्या हातातला कागद घेतला आणि नीट घडी घालून ट्रंकेत ठेवला.