दोष दाराचा, मिशांचा नाही

मोटारीच्या दाराच्या बिजागऱ्यांवर माझ्या थोरल्या साडूंइतका जीव लावणारा माणूस चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. साडू आष्टीला राहतात. घरासमोरून सूरजागडच्या खाणीतले लोहखनिजाचे ट्रक जातात, त्यामुळे त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीवर कायम लाल धूळ. रेल्वेसाठी बल्लारपूर गाठलं की तिच्यावर कोळशाची काळी धूळ चढते. दोन्ही बिजागरीत शिरल्या की दार उघडल्याचं अख्ख्या गल्लीला कळतं. गाडीचा हॉर्न मुका आहे, एक काच वर जात नाही. विचारलं तर साडू म्हणतात, "ते काही अर्जंट नाई." दार वाजलेलं मात्र त्यांना खपत नाही.

याचं मूळ त्यांच्या नातीत आहे. लेक हैदराबादला असते. मागच्या दिवाळीला ती तान्ह्या मुलीला घेऊन आली. जागेपणी ही पोरगी आजोबांच्या मिशा पाहून टाहो फोडायची, म्हणून स्टेशनवरून येताना ती झोपली की तशीच उचलून घरात न्यायची, असा साडूंचा बेत होता. अंगणात गाडी थांबली, दार करकरलं, नातीने डोळे उघडले आणि समोर मिशा. मग सबंध मुक्कामात ती त्यांच्या मांडीवर आली नाही. "मिशाच काढून टाका न," त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने सुचवलं. साडू गंभीरपणे म्हणाले, "दोष दाराचा हाये, मिशाईचा नाई."

त्यानंतर वर्षभर ग्रीसची निवड चालली. चार दारांना चार वंगणं: ट्रकवाल्यांकडचं काळं ग्रीस, खोबरेल, गंज सोडवायचा स्प्रे आणि मोहाच्या बियांचं तेल. पाहुण्याला दार मिळे ते मानाप्रमाणे. मी धाकटा साडू, म्हणून माझ्या वाट्याला मोहाचं. त्यातून माझ्याआधी मुंग्या गाडीत बसत. खोबरेल थंडीत गोठलं, स्प्रे चार दिवसांत उडून गेला. काळ्या ग्रीसने तर व्याह्यांच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर पट्टा ओढला. माफी वगैरे राहिली बाजूला, साडूंनी वाकून तो पट्टा बोटाने चोळून पाहिला आणि म्हणाले, "हे धूळ धरून राह्यलं." व्याही पुढे बरेच दिवस बसने आले.

शेवटी नागपूरहून पांढऱ्या लिथियम ग्रीसची ट्यूब आली. लावली, तरी दार करकरलंच. साडूंचं जेवणावरून लक्ष उडालं. तेव्हा भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, घासता घासता मेहुणी म्हणाली, "जुनी घाण तशीच, अन् तुम्ही वरून थापून राह्यले. खरकट्या गंजात नवी भाजी टाकते काय कोणी?" साडू जागचे उठले. डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन त्यांनी बिजागऱ्यांतून लाल-काळा चिखल काढला, फडक्याने कोरडं केलं, बोटभर ग्रीस लावून दार कितीदा तरी हलवलं. मागच्या सीटवर मांजर झोपलं होतं. दार उघडलं, मिटलं, मांजराने कानही हलवला नाही. साडूंनी त्या दिवशी मांजराला दूध पाजलं.

यंदाच्या दिवाळीला मी तिथेच होतो. दुपारी गाडी अंगणात आली. साडूंनी आम्हाला हातानेच गप्प केलं आणि दाराला हात घातला. आवाज म्हणून नाही. झोपलेली नात खांद्यावर घेऊन ते उंबरा ओलांडून आत आले, तेव्हा गड जिंकून आल्यासारखे दिसत होते. मेहुणीने पदर डोळ्यांना लावला आणि मलाही फार बरं वाटलं. नात त्यांच्या खांद्यावरच जागी झाली, तिने एक मिशी मुठीत धरली, ओढली, आणि हसली. त्यानंतर ती त्यांच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती.

निघायच्या दिवशी मी त्यांच्यासोबत बल्लारपूरला गेलो. नात मागे आईच्या मांडीवर झोपलेली. "बाबा, जागी झाली तर तुम्हाले सोडनार नाई. आम्ही हळूच उतरतो," लेक म्हणाली. स्टेशनसमोर गाडी थांबली. साडू समोर बघत तिला ग्रीसचं काहीतरी सांगत राहिले. वळून पाहिलं तर मागची सीट रिकामी होती. लेक फाटकापाशी उभी राहून हात हलवत होती.

रेल्वे सुटल्यावर साडूंनी मोटारीचं मागचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढं चांगलं ग्रीस नोतं लावाले पायजे, भाऊ."