ताईंचं जुनिपर

लाँड्रीत तिला सगळे घडीबाई म्हणत. वाफेच्या इस्त्रीखालून निघालेला शर्ट तिच्या हातात पडला की बघता बघता त्याची अशी देखणी घडी व्हायची, की गिऱ्हाइकाला घरी नेऊन ती मोडायचं जिवावर यावं. हात तसाच स्वभाव. समोर काही चुरगळलेलं, वाकडं, विस्कटलेलं दिसलं की तिला चैन पडत नसे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "या घरात चुरगळलेला असा मीच एकटा उरलोय."

वरच्या मजल्यावर तिची थोरली नणंद राहायची. ताईंनी लग्न केलं नाही, आयुष्यभर शहराची बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावरही त्या शेवटच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या. नणंद-भावजयीचं भांडण कधी झालं नव्हतं. भांडायलाही थोडी सलगी लागते. जिन्यात गाठ पडली की एकीनं "बरं आहे ना?" म्हणायचं, दुसरीनं "बरं आहे" म्हणायचं, की आपापल्या वाटेनं मोकळ्या.

ताईंचा सगळा जीव त्यांच्या बाल्कनीतल्या एका झाडात होता. जुनिपर नावाच्या, सुरूसारख्या सदाहरित झाडाचं बॉन्साय. पसरट कुंडीतलं, हातभर उंचीचं, पण खोड असं पीळदार, की कड्यावर वारा खात म्हातारं झालेलं एखादं झाड कुणी धुतलं आणि ते आटून एवढंसं झालं असं वाटावं. ताई रोज सकाळी त्याच्यासमोर स्टूल टाकून चहा प्यायच्या.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर ताईंना दुसऱ्या गावच्या बस डेपोतून बोलावणं आलं. नवे ड्रायव्हर भरले होते, त्यांना शिकवायला जुनं, खमकं माणूस हवं होतं. थंडी सरेपर्यंतचं काम. ताईंना आभाळ ठेंगणं झालं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी भावजयीला वर बोलावून किल्ली हातात दिली.

"हे बघ, हे बाहेरच राहू दे. कितीही गारठा पडला तरी बाहेर. मातीत बोट घालून बघायचं, वरचा थर सुकला असेल तरच पाणी. बाकी हात लावायचा नाही."

हात लावायचा नाही! हे शब्द घडीबाईच्या कानात शिरले आणि तिथेच अडकून बसले. लोक आपले उंची कपडे डोळे मिटून ज्या हातांत देतात, त्या हातांना हे ऐकून घ्यायची पाळी! तिनं "हो, हो" म्हणत मान डोलावली, पण पुढचं एक अक्षर तिच्या डोक्यात गेलं नाही. ताई सांगत होत्या की थंडीत याचा रंग बदलतो, तांबूस पडतो, घाबरायचं नाही. ते सगळं वाऱ्यावर गेलं.

थंडी पडली ती हाडं गोठवणारी. एका सकाळी घडीबाई पाणी बघायला वर गेली, तर हिरवंगार झाड तांबूस-जांभळं पडलेलं. हे गारठ्यानं मरायला टेकलंय, असंच तिला वाटलं. तिनं कुंडी दोन्ही हातांत उचलली, छातीशी धरून जपून जिना उतरली, आणि खाली आपल्या बाहेरच्या खोलीत हीटरशेजारी ठेवली.

"ताईनं बाहेर ठेवायला सांगितलंय ना?" नवऱ्यानं विचारलं.

"सांगितलंय. पण असा गारठा पडेल हे त्यांना काय ठाऊक? आपण स्वेटरवर स्वेटर चढवायचे आणि या बिचाऱ्यानं उघड्यावर कुडकुडायचं?"

आणि खरोखर, काही दिवसांत झाड पुन्हा हिरवं झालं! घडीबाईला हर्ष मावेना. आल्यागेल्याला ती झाड दाखवायची आणि सांगायची, "गेलंच होतं हो, मी ओढून आणलं." रोज सकाळ-संध्याकाळ ती त्याला कोमट पाणी घालायची. तिच्या धंद्यात ऊब आणि ओलावा मिळाला की कुठलीही सुरकुती जाते. झाडाचं तरी वेगळं काय असणार?

हिवाळा अर्ध्यावर आला तसा तो हिरवा रंग फिका झाला. आधी राखाडी झाक आली, मग टोकं तपकिरी पडली, मग आतून तपकिरी रंग पसरत आला. हा पहिला तांबूस रंग नव्हता. त्या तांबूस रंगात एक तकतकी होती. आताचा रंग वाळक्या गवताचा होता, आणि बोट लावलं की पाती कुरकुरत टेबलावर गळायची. तिनं पाणी वाढवलं, हीटर वाढवला. पानगळही वाढली.

ताईंचा फोन आला की ती "बरं आहे" म्हणायची. हा शब्द दोघींना इतक्या वर्षांचा सवयीचा, त्यामुळे ताईंना संशय आला नाही.

शेवटी नवऱ्यानं तोडगा काढला. "नर्सरीत असली झाडं मिळतात. हुबेहूब एक बघू आणि ठेवून देऊ. ताईला कळणार पण नाही."

सुट्टीच्या दिवशी दोघं नर्सरीत गेले. लोकरी टोपी घातलेली मालकीण काचघरात बसून कुंड्या पुसत होती. नवऱ्यानं रांगेतून एक जुनिपर शोधून काढलं. उंची तीच, कुंडी तशीच, खोडालाही थोडाफार पीळ. "घे, झालं काम!"

घडीबाईनं झाड हातात घेतलं आणि फिरवून फिरवून पाहिलं. ताईंच्या झाडाचं खोड तळाशी उजवीकडे कलायचं आणि मग काहीतरी आठवल्यासारखं परत फिरायचं. हे सरळ होतं. पण खरं कारण ते नव्हतंच. तिच्या डोळ्यांसमोर ताई आल्या, या परक्या झाडासमोर स्टूल टाकून चहा पिणाऱ्या. तिला ते बघवेना.

"नको," ती म्हणाली. "दुसऱ्याचा शर्ट जळला म्हणून तसलाच दुसरा घडी घालून द्यायचा, हे मला जमायचं नाही."

"मग ताईला काय सांगणार?"

"जळला म्हणून सांगणार."

नर्सरीच्या फाटकाबाहेर उभं राहून तिनं ताईंना फोन लावला. पलीकडे बसच्या इंजिनाची घरघर होती आणि ताई कुणालातरी ओरडत होत्या, "अरे आरशात बघ, माझ्याकडे काय बघतोस!" घडीबाईनं एका दमात सगळं सांगून टाकलं. तांबूस रंग, हीटर, कोमट पाणी, गळलेली पाती. नव्या झाडाचा बेतही सांगितला.

घरघर बंद झाली. ताईंनी इंजिन बंद करायला लावलं असावं.

"रडतेस का?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"मग घरी जा. खोडाची साल नखानं किंचित खरवडून बघ. मग एकेक फांदी. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. वाळकं दिसलं तर ती फांदी गेली. बघ आणि मला सांग. मी थांबते."

"तुमचा वर्ग चालू आहे ना?"

"यांना थांबायला शिकवायचंच आहे. बस थांबवता आली की निम्मं आलं."

घरी येऊन घडीबाईनं चष्मा चढवला आणि झाडासमोर बसली. खोडावर नख ओढलं. सालीखाली हिरव्या रंगाची बारीक रेघ दिसली. तिच्या तोंडून "आहे!" अशी आरोळीच फुटली, नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. मग फांद्या. वरची हिरवी. डावीकडची हिरवी. उजवीकडच्या दोन फांद्या, हीटरच्या बाजूच्या, आतून काडीसारख्या वाळलेल्या.

"उजवीकडच्या दोन गेल्या, ताई," ती फोनवर म्हणाली.

 उजवीकडची ती खालची फांदी ताईंनी तारेनं वळवत वळवत कित्येक वर्षं घडवली होती. पण त्या म्हणाल्या, "बाकीच्या आहेत ना? ऐक आता नीट. एकदम बाहेर नेऊ नकोस, उबेची सवय झालीय त्याला. आधी जिन्याच्या खिडकीशी ठेव, तिथे हीटर नाही. मग थंडी उतरली की बाल्कनीत, भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही असं. खत नाही, कुंडी बदलायची नाही, कापाकापी नाही. आजाऱ्याला कुणी पंगतीला बसवत नाही. आणि एक पांढरा कागद फांदीखाली धर आणि फांदी झटक. कागदावर हलणारे ठिपके दिसले तर लाल कोळी समज. कोरड्या उबेत ही कीड पडते."

ठिपके होते, आणि चालत होते. घडीबाईला शिसारी आली, पण डाग म्हटला की तिच्या अंगात बळ येई. कुंडीची माती प्लास्टिकनं झाकून तिनं एकेक फांदी पाण्याच्या बारीक फवाऱ्यानं उलटसुलट धुतली. काही दिवसांनी पुन्हा धुतली, पुन्हा कागद धरला, कागद कोरा राहीपर्यंत.

त्यापुढचं काम सगळ्यात अवघड होतं, कारण ते काहीच न करण्याचं होतं. तपकिरी पाती खुडायला तिची बोटं शिवशिवायची. जिन्यातून जाता-येता ती मातीत बोट घालायची, ओल लागली की झारी तशीच परत न्यायची. शेजारी विचारायचे, "गेलं का हो झाड?" ती म्हणायची, "विचार करतंय."

ताईंचे फोन आता वरचेवर यायला लागले. सुरुवात झाडानं व्हायची आणि गाडी भलतीकडेच जायची. ताई एका शिकाऊ ड्रायव्हरची गंमत सांगायच्या; तो वळताना स्वतःच इतका कलायचा, की बसपेक्षा त्याचीच भीती वाटायची. एकदा बोलता बोलता त्यांनी विचारलं, "दिवसभर उभीच असतेस का गं तू तिथे?"

"हो. मशीनसमोर बसून नाही जमत."

"पाय दुखत असतील."

"दुखतात."

"मी आयुष्यभर बसून काढलं, माझी कंबर गेली. तू उभी राहून पाय घालव. दोघी मिळून एक धड बाई होऊ."

घडीबाई इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचे पाय दुखतात का, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं.

थंडी ओसरली. झाड बाल्कनीत भिंतीच्या आडोशाला गेलं. एका सकाळी घडीबाई ओल बघायला वाकली, तर डाव्या फांदीच्या टोकाला पोपटी रंगाचा एक ठिपका. आधी तिला पुन्हा कीड वाटली. चष्मा पुसून पाहिलं. कोंब होता! शेजारी दुसरा. वरच्या फांदीवर तर ओळच. तिनं फोटो काढून पाठवला. ताईंचं उत्तर आलं, "पहिल्या गिअरमध्ये पडलं. चालू दे."

ताई आल्या त्या सामान जिन्यातच टाकून थेट बाल्कनीत गेल्या. कुंडी फिरवून चारी बाजूंनी पाहिली. उजवी बाजू रिकामी दिसत होती, दोन वाळक्या फांद्या हात पसरल्यासारख्या. घडीबाई दारात उभी होती.

"वाईट दिसतंय का हो फार?"

"एका अंगानं झुकल्यासारखं दिसतंय," ताई म्हणाल्या. "वाऱ्याच्या तोंडावर वाढल्यासारखं. मला आयुष्यभर याच्यात वारा दाखवता आला नाही, तू एका हिवाळ्यात दाखवलास."

हा टोमणा की कौतुक, हे घडीबाईला कळेना. ताईंनी कपाटातून पक्कड आणि छोटी सुरी आणली. वाळक्या फांद्या कापून टाकायच्या नसतात, साल सोलून पांढऱ्या ठेवायच्या असतात, असं त्यांनी समजावलं. मग सुरी भावजयीच्या हातात दिली.

"मी?" घडीबाई म्हणाली.

"मग काय, माझी बोटं स्टिअरिंगची. तू सोल, मी धरते."

साल निघताना उग्र, गोड वास सुटला. खालचं लाकूड गुळगुळीत निघालं, फिक्या लोण्याच्या रंगाचं. नवरा चहा घेऊन वर आला, तर एकाच कुंडीवर दोन डोकी वाकलेली आणि चहाकडे बघायला कुणाला फुरसत नाही. त्यानं दोन्ही कप कठड्यावर ठेवले.

"आता या बाजूनं, हळू," ताई म्हणाल्या. "आणि हे बघ, पुढच्या हिवाळ्यात मला परत बोलावलंय तिकडे."

"जा की," घडीबाई सालीचा एक लांब पापुद्रा सोडवत म्हणाली. "फक्त जाण्याआधी मला सगळं परत एकदा सांगा. या वेळी मी ऐकणार आहे."