खालून कापलेली बातमी

परदेशातल्या एखाद्या सरकारने मदतीच्या बजेटला कात्री लावली, की ती बातमी दुपारी आमच्या धुळ्याच्या कार्यालयात येऊन पडते आणि मीच ती लावते. तिचा साचा मला पाठ झालाय. डॉलरचे रुपये करायचे, हात उंचावलेल्या पुढाऱ्याचा फोटो टाकायचा आणि संपादकांचा ठरलेला प्रश्न ऐकून घ्यायचा, ‘आपल्या वाचकाला याचं काय?’ आताशा या प्रश्नाचा मला वीट आलाय. पण उत्तर द्यावं लागतं, पगार त्याचाच मिळतो.

त्या दिवशी उत्तर म्हणून मी मथळा दिला, ‘परदेशी मदत आटली, क्षयरुग्णांची औषधे बंद’. संपादक खूश झाले. तेवढ्यात कुणा नेत्याच्या वाढदिवसाची जाहिरात आली आणि जागा कमी पडली. जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, ही आमची रीत. शेवटचा परिच्छेद मी न वाचताच उडवला. आपल्याकडे क्षयरोगाच्या गोळ्या सरकार देतं, त्या चालूच राहतील, असं नेमकं त्यातच लिहिलं होतं.

हे मला कळलं तीन आठवड्यांनी. देवपूरच्या अक्का पेपर घेऊन थेट माझ्या टेबलाशी आल्या. अक्का म्हणजे एका संस्थेतर्फे यंत्रमागाच्या वस्तीत घरोघर फिरणाऱ्या बाई. रुग्णांनी गोळ्या घेतल्या की नाही, हे त्या स्वतः बघायच्या.

‘हाई काय छापेल शे व माय? गोया ते सरकारी शेतस, त्या कोठे बंद व्हयन्यात? एकजण तीन हप्ता गोयाच घेत नही. म्हणस, पेपरमा ऊनं शे.’

मी खुलासा छापला. दोन ओळी, आतल्या पानावर, केळीच्या भावांखाली. चूक चार कॉलमांत मिरवली आणि दुरुस्ती अशी कोपऱ्यात. लाज वाटली, पण संपादकांशी भांडायचं त्राण माझ्यात उरलेलं नव्हतं. तो खुलासा कुणी वाचला असेल, तर त्याला माझा नमस्कार. दुसऱ्या दिवशी मी अक्कांबरोबर त्या माणसाच्या घरी गेले.

शेजारी माग खडखडत होते, त्यामुळे मोठ्यानेच बोलावं लागत होतं. तो तिशीतला कारागीर, गालफडं बसलेली. त्याच्या बायकोने फडताळातून डबा काढला. उरलेल्या गोळ्यांचं पाकीट त्यात तसंच होतं.

‘संपल्या तर परत कुठून आणायच्या?’ तो म्हणाला. ‘म्हणून जपून ठेवल्या. फारच बिघडलं तर घेईन.’

‘अहो, गोळ्या बंद नाही झाल्या. फुकट मिळतात, सरकारी दवाखान्यात.’

‘पेपर खोटं कशाला छापेल, ताई?’

‘ते मीच छापलं. चुकलं माझं.’

तो चिडेल, चार शब्द सुनावेल असं वाटलं होतं. सुनावले असते तर बरं झालं असतं. तो नुसता खोकला, बराच वेळ, आणि बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मध्ये एवढा खंड पडला, आता पुन्हा तपासणी, आणि उपचार कसे, किती दिवस, ते डॉक्टर सांगतील, असं अक्कांनी त्याला समजावलं. उद्या सकाळी दवाखान्यात यायला तो कबूल झाला.

आम्ही निघालो तेव्हा त्याने विचारलं, ‘पुन्हा असं काही पेपरात आलं, तर खरं-खोटं कोणाला विचारू?’

‘अक्कांना विचारा,’ मी चटकन म्हणाले. ‘त्या येतातच की.’

अक्का दारात चप्पल घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘मन्हं काम बंद व्हयनं व माय, मांगला महिनामा. संस्थाले पैसा तठूनच येत व्हता. आते मी आपली अशीच येस. कितला दिवस येसू?’

ज्या बाईचं काम त्या बातमीतल्या कपातीने खरोखरच गेलं होतं, ती माझ्या टेबलासमोर उभी राहून गेली होती आणि मी तिला साधं एका शब्दाने विचारलं नव्हतं.

‘मग कोणाला विचारू, ताई?’ तो माझ्याकडेच बघत होता.