लॉबीतलं हळदीकुंकू

शहराच्या लश्कर भागात आमच्या ऑफिसची इमारत, चार मजली. खाली बँक, पहिल्यावर विम्याचं ऑफिस, मग एक सी.ए., आणि सगळ्यात वर आम्ही. संक्रांतीला साऱ्या मजल्यांवरच्या बायकांचं मिळून खालच्या लॉबीत हळदीकुंकू व्हायचं. सुरू मीच केलेलं. मराठी बायका आम्ही मोजून चार, बाकी सगळ्या हिंदी. पण त्यांनाही भारी हौस. तिळगुळाच्या जोडीला इकडची तिळाची कुरकुरीत गजक असायची, आणि लॉबीच्या फरशीवर माझ्या आईची रांगोळी. ती माधवगंजहून सकाळीच यायची आणि दुपारपर्यंत वेली, मोर, सगळं रंगून तयार. बँकेत आलेले लोक थांबून फोटो काढायचे. गार्ड कुणाला जवळ फिरकू द्यायचा नाही.

बाबा गेले, त्यानंतरच्या संक्रांतीला आई म्हणाली, "रांगोळी काढून देते आणि परत येते. हळदीकुंकवाला नको गं."

मी भडकलेच. "काही परत यायचं नाही! ऑफिस आहे ते, कुणाचं देवघर नाही. मी स्वतः तुला कुंकू लावणार. बघू कोण बोलतंय ते!"

मोठी आली सुधारक! आठवडाभर तिच्या मागे हात धुऊन लागले. शेवटी ती हो म्हणाली. खरं सांगायचं तर तिलाही यायचं होतं. बाबा गेल्यापासून घडी न मोडलेली जांभळी साडी तिने आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवली होती.

त्या दिवशी धुकं दुपारपर्यंत हटलं नाही. फरशी बर्फासारखी. आई पोत्याची घडी घालून बसली आणि रांगोळी पुरी केलीच. चारला बायका रांगेत उभ्या राहिल्या. मी ताट घेऊन निघाले. हळद, कुंकू, गजक, वाणाची वाटी. मागून आमच्या ऑफिसातली एक पोरगी कुरकुरत होती, "ताई, मला दोन गजक हं, सच्ची, बहुत भूख लगी है." मी हसत तिला काहीतरी उत्तर देत होते. आईपाशी आले. तिने डोळे मिटून कपाळ जरा पुढे केलं.

आणि मी तिला ओलांडून पुढच्या बाईला कुंकू लावलं.

कुणी मला अडवलं नव्हतं. लहानपणापासून पाहिलेलं, की नवरा नसलेली बाई आली की ताट पुढे सरकतं. हाताला ते पाठ होतं. दोन बायका झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. धावत मागे गेले, चिमटीत कुंकू घेऊन. तिने माझा हात हळूच बाजूला केला.

"राहू दे. त्या बाकीच्या खोळंबल्यात."

परतताना ई-रिक्षात मी रडायला लागले. माफी मागितली, दहादा मागितली. आई रस्त्याकडे बघत होती.

"मुद्दाम केलं असतंस तर भांडले असते," ती म्हणाली. "पण तुझ्या तर मनातही नव्हतं. आता भांडू कुणाशी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा पुन्हा संक्रांत आली. आई मटार सोलत बसली होती. मी म्हटलं, "आई, चल ना. या वेळी पहिलं कुंकू तुला. सगळ्यांच्या आधी."

तिने मान वर केली नाही.

"एकदा केलं होतं ना कपाळ पुढे," ती म्हणाली. "आता नाही होत गं."