नारळ नंतर

जुनी गाडी बघायला गेल्यावर माणसं आधी बॉनेट उघडतात. आत काय बघायचं हे माहीत नसलं तरी उघडतात, वाकतात आणि गंभीरपणे 'हं' म्हणतात. ज्ञानू हवालदार तसं काही करत नसत. ते मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसत, काचा लावून घेत आणि डोळे मिटत. दोन मिनिटं गाडीत चिडीचूप. बाहेर विकणारा येरझाऱ्या घालायला लागे. देवळात न बसणारा हा माणूस दुसऱ्याच्या गाडीत का ध्यान लावतो, हे मी एकदा विचारलं.

"पुढं बसलं की डोळं फसत्यात, सर," ते म्हणाले. "मागं बसून मिटलं की नाक कामाला लागतंय. आन नाकाला भुलवायचं म्हंजे अत्तर मारावं लागतंय. अत्तराचा वास आला की समजायचं, कायतरी झाकलंय."

हवालदार पलूसच्या बाजूचे. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात सगळी नोकरी सरली, परत आल्यावर नदीकाठच्या तीन एकरांत ऊस. पांढरा सदरा, खाकी पँट आणि खिशात कायम परीटघडीचा पांढरा रुमाल. त्यांची नात माझ्या बायकोच्या शाळेत होती. तिला सोडायला ते स्कूटरवरून येत आणि येता-जाता शिक्षकांच्या गाड्यांचे आवाज ऐकून निदान सांगत. "गुरुजी, तुमची मोटरसायकल खोकतीया," असं. पंचक्रोशीत कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आधी हवालदारांना बोलावणं जाई. फी काही नाही. अट एकच: महिन्यानं गाडी आणून दाखवायची.

आम्हाला त्यांची गरज पडली ती शैलाच्या खुब्यामुळे. शैला म्हणजे माझी बायको, पलूसच्या शाळेत मुख्याध्यापिका. आम्ही राहतो विश्रामबागेत. तीस वर्षं ती एस.टी.नं गेली-आली आणि एका पावसाळी सकाळी शाळेच्याच पायरीवरून घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पण एस.टी.ची पायरी विसरा; खाली वाकून बसायची गाडी नको आणि चढून बसायचीही नको. नोकरीची अडीच वर्षं राहिली होती. शैलानं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून टेबलाच्या खणात ठेवला. मला म्हणाली, "जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत रोज नेण्या-आणण्याची सोय झाली तर ठीक. नाहीतर हा द्यायचा." तिनं हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला तो खण दिवसातून चार वेळा उघडून बघावासा वाटे.

मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. संकट आलं की आमची जमात वाचायला बसते. मीही बसलो. महिनाभर वाचून, व्हिडिओ बघून मी निष्कर्षावर आलो, की आपल्याला मध्यम आकाराची क्रॉसओव्हर हवी. म्हणजे धड जीप नाही, धड मोटार नाही. उंची दोन्हींच्या मधली, मागे वॉकर राहील एवढी ऐसपैस जागा. नवी झेपणारी नव्हती, म्हणून जुनी. विकणाऱ्याला विचारायचे बेचाळीस प्रश्न मी एका वहीत लिहून काढले.

हवालदार घरी आले. वही चाळली, आदरानं मिटली आणि बाजूला ठेवली. "म्हंजे खेचर पायजे," ते म्हणाले. "आमच्याकडं फौजेत, डोंगरात खेचरं असायची. घोडा ऐट करतोय, गाढव अडून बसतंय. खेचर वझं घिऊन गप चालतंय."

"म्हणजे मी वझं का, हवालदार?" शैलानं आतून विचारलं.

"न्हाई बाई. तुमी अधिकारी. वझं सर."

मग त्यांनी विचारलं, "बाई, घरात तुमी कुठल्या खुर्चीत बसताय? हाताचा आधार न घेता उठता येतंय अशी?" शैलानं खिडकीजवळची वेताची खुर्ची दाखवली. त्यांनी खिशातून सुतळी काढली, जमिनीपासून बैठकीपर्यंत धरली आणि तिथं गाठ मारली. "सर, तुमची वही ऱ्हाऊ द्या. गाडी ही गाठ बघून घ्यायची. रोज बसायचं बाईंनी हाय, वहीनं न्हाई."

इतकं स्पष्ट सांगितल्यावर मी जे करायचं तेच केलं. हवालदारांच्या उसाला पाण्याची पाळी होती, ते आठवडाभर थांबा म्हणाले. मला दम निघेना. मे संपत आला होता. साताऱ्याजवळ हायवेला जुन्या गाड्यांचं एक मोठं दुकान होतं. दुकान कसलं, दरबारच. दारात कारंजं, आत काचेच्या टेबलामागे मॅनेजर, त्याच्या दोन्ही हातांत मिळून पाच अंगठ्या. त्यानं माझ्या बेचाळीस प्रश्नांची बेचाळीस समाधानकारक उत्तरं दिली. एरवी तोंडी परीक्षेत सगळी उत्तरं बरोबर देणाऱ्या मुलाचा मला संशय येतो. त्या दिवशी आला नाही. काळी, चकचकीत क्रॉसओव्हर. "डॉक्टरांची गाडी, सर. फक्त देवदर्शनाला बाहेर काढायचे." मी विसार दिला, मुहूर्त ठरवला आणि केवळ शिष्टाचार म्हणून हवालदारांना सोहळ्याचं आमंत्रण दिलं.

सोहळाच होता. गाडीवर लाल साटीनचं कापड, चार चाकांखाली चार लिंबं, गुरुजी, फोटोग्राफर. स्पीकरवर सनई. 'आमच्या परिवारात स्वागत' असा फलक, त्यावर माझं नाव, आडनाव चुकीचं. माझ्या गळ्यात एवढा मोठा हार घातला की मला समोरचं फक्त हनुवटीच्या वरचं दिसत होतं. शैला काठी टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच महिन्यांनी हसू होतं.

हवालदार सुतळी घेऊन आले. वाकून सीटला लावली. "गाठ बरूबर हाय," म्हणाले. मला विजय मिळाल्यासारखं वाटलं. मग म्हणाले, "गुरुजी, दोन मिंटं थांबा," आणि मागच्या सीटवर जाऊन डोळे मिटून बसले. सनई चालूच. मॅनेजर घड्याळ बघायला लागला. "बाबा, मुहूर्त टळेल."

हवालदारांनी डोळे उघडले. मागच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढायला लागले. आपण पट्टा ओढतो तो छातीपुरता. ते ओढतच राहिले, पार शेवटपर्यंत. मग खिशातला पांढरा रुमाल काढून पट्ट्याच्या टोकाची शेवटची वीतभर पुसली, बाहेर आले आणि रुमाल माझ्या हातात दिला.

रुमालावर तपकिरी माती होती. मऊ, पिठासारखी.

"धूळ असेल हो," मॅनेजर म्हणाला.

"धूळ भाईर बसती," हवालदार म्हणाले. "पट्ट्याच्या पोटात न्हाई. ह्यो कृष्णामाईचा गाळ हाय. मी ह्यात ऊस करतोय, मला वळखू येतंय." मग माझ्याकडे वळून, "सर, सांगलीत पुरात बुडालेली गाडी साताऱ्यात वर निघती. आज चालंल, उद्या चालंल. परवा वायर कुजली की रस्त्यात मधीच डोळं मिटंल. आन बाई आत असतील."

सांगायला लाज वाटते, पण तरीही माझ्या तोंडून निघालं, "अहो हवालदार, पण आता हार घातलाय."

"हार बकऱ्याला बी घालत्यात, सर. त्याला नको म्हणता येत न्हाई. तुमास्नी येतंय."

फोटोग्राफर हसला. गुरुजी नारळ हातात धरून अवघडले होते. "मग याचं काय करू?"

"नारळ चांगला हाय, गुरुजी. घरी न्या, चटणी करा."

मॅनेजर विसार परत द्यायला कुरकुरत होता. शेजारीच दुसरं एक कुटुंब दुसऱ्या गाडीभोवती फिरत होतं. हवालदारांनी माझ्या हातातला रुमाल घेतला, नीट उघडला आणि विचारलं, "त्या पावण्यास्नी दावू का?" विसार पाच मिनिटांत आला. सनई बंद झाली. मी हार काढून त्यांच्या फलकाला घातला.

 घरी आल्यावर शैलानं टेबलाचा खण उघडला आणि अर्जावर फक्त तारीख घालायची राहिली होती ती जागा बघितली. "दहा जूनपर्यंत," म्हणाली.

सातव्या दिवशी हवालदारांचा फोन. "सर, पाचगणीला चला. बाईंना घ्या. सुतळी माझ्याकडं हाय."

पाचगणीच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या संगीताच्या बाई बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. गाडी आम्हाला हवी तसली क्रॉसओव्हरच, पण राखी रंगाची, मागच्या बंपरला ओरखडा, आत स्ट्रॉबेरीच्या खोक्यांचा आंबूस वास आणि मागच्या सीटवर कुत्र्याचे केस. हार नाही, साटीन नाही. आम्ही विचारायच्या आत बाईंनी सुरुवात केली. "हे बघा, एसी फार गार करत नाही. मागचे टायर बदलावे लागतील. हा ओरखडा माझ्याच फाटकाचा. आणि डाव्या खिडकीचं बटण दोनदा दाबावं लागतं."

हवालदार माझ्या कानाशी कुजबुजले, "अर्धी पास झाली."

"गाडी?"

"मालकीण. आपल्या तोंडानं खोट सांगणारा माणूस पाण्याची गाडी इकत न्हाई."

मग सगळे विधी झाले. डोळे मिटून दोन मिनिटं, बाहेर आल्यावर निकाल, "कुत्र्याचा वास हाय. खरा हाय." पट्टा शेवटपर्यंत, रुमाल पांढरा. सुतळी लावली, गाठ बरोबर बैठकीला टेकली. त्यानंतर त्यांनी शैलाला दहा वेळा गाडीत बसायला आणि उतरायला लावलं. पहिल्या वेळी तिनं दार घट्ट धरलं. पाचव्या वेळी नुसता हात ठेवला. आठव्या वेळी ती उतरून म्हणाली, "अहो हवालदार, शाळेतल्या पोरांनासुद्धा मी इतक्या उठाबशा काढायला लावत नाही."

"रोज दोन डाव बसायचं, दोन डाव उतरायचं, बाई. अडीच वर्सं. आज दहा काय जड हायेत?"

शेवटचं, पसरणीचा घाट. हवालदार स्वतः चालवायला बसले. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला जेमतेम पाय लावत, वाईपर्यंत. खाली आल्यावर उतरून त्यांनी चारही चाकांशी हाताची पालथी बाजू नेली, जशी आई पोराच्या कपाळाला लावते तशी. चौथ्या चाकापाशी उठून म्हणाले, "ताप न्हाई. बिरेक कुठं चिकटत न्हाई."

वाईत आम्ही चहा प्यायला थांबलो. शैलानं विचारलं, "हवालदार, पट्टा ओढायचं हे लष्करात शिकवतात का?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग बशी खाली ठेवली. "न्हाई बाई. भाच्याच्या गाडीत शिकलो. पुराच्या फुडल्या साली त्यानं गाडी घेतली, सुट्टी थोडी, मुहूर्त निघून चाललेला. समदी म्हणाली, मामा, नारळ फोडा. मी, आख्ख्या आयुष्यात गाड्याच बघितलेला माणूस, आधी नारळ फोडला आन मग बॉनेट उघडलं. नारळ फुटल्यावर कोण खोट काढतंय? मन हुईना. परत जाताना घाटात गाडी बंद पडली. दिवं बी गेलं. मागनं ट्रक. आत भाचा, त्येची बायकू, तानं लेकरू. ट्रकवाला देवमाणूस, त्यानं आपला ट्रक डोंगराला घासला, पर थांबवला. कुणाला खरचटलं बी न्हाई. नंतर गाडी खोलली, तर पट्ट्याच्या पोटात गाळ." त्यांनी बशी बाजूला सारली. "तवापासनं माझा एकच नेम. पट्टा आधी, नारळ नंतर."

एवढं सांगून ते उठले, समोरच्या दुकानातून स्वतः नारळ आणला आणि वाईतल्याच रस्त्याच्या कडेला आमच्या राखी खेचरासमोर फोडला. ना गुरुजी, ना फोटो. खोबरं आम्ही तिथंच उभ्यानं खाल्लं. शैलानं माझ्या हातात तुकडा देत म्हटलं, "घरी गेल्यावर तो अर्ज फाडा." मी फाडला नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी केली. इतिहासाच्या माणसाला कागद टाकवत नाही.

अडीच वर्षं मी रोज सकाळी विश्रामबागेतून पलूसला गेलो. गाडीनं एकदाही डोळे मिटले नाहीत. खिडकीचं बटण मात्र शेवटपर्यंत दोनदाच दाबावं लागलं. हवालदार नातीला सोडायला आले की फाटकाशी थांबून आमचा आवाज ऐकत, मान हलवत आणि जात. पुराच्या दिवसांत पहाटे फोन येई, "पाणी चढतंया, खेचर माळावर न्या." शैलाच्या निरोपाच्या दिवशी शाळेनं मंडप घातला, शाल दिली, भाषणं झाली. तीन वक्त्यांनी तिला ज्ञानाचा महासागर म्हटलं. ती शांतपणे मंडपातून निघाली, काठी न घेता गाडीपाशी आली आणि एका झटक्यात आत बसली. फाटकाशी हवालदार उभे होते. "बाई," ते म्हणाले, "पास."

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी जेवून उसाच्या कडेला कडुलिंबाखाली आडवे झाले ते उठले नाहीत. आम्ही त्याच गाडीतून गेलो. मागच्या सीटवर मी एकटा दोन मिनिटं बसलो, डोळे मिटून. कुत्र्याचा वास अजून होता.

आता आम्हाला रोज कुठं जायचं नसतं, म्हणून या वैशाखात गाडी विकायला काढली. मिरजेची एक नर्स नवऱ्याबरोबर आली. रात्रपाळी संपल्यावर घरी जायला तिला गाडी हवी होती. दोघं उत्साहात, पिशवीतून हार डोकावत होता, नारळही होता. नवऱ्यानं बॉनेट उघडलं, वाकला आणि 'हं' म्हणाला.

"तो नारळ जरा बाजूला ठेवा," मी म्हटलं. "आधी सांगतो. एसी फार गार करत नाही. डाव्या खिडकीचं बटण दोनदा दाबावं लागतं. आणि तुम्ही, बाई, मागं बसा आणि पट्टा ओढा. अजून ओढा. शेवटपर्यंत."

ती माझ्याकडे बघत ओढत राहिली. पट्टा संपला तेव्हा मी खिशातून रुमाल काढून तिला दिला. तिनं पुसलं, बघितलं, उलटा करून पुन्हा बघितलं.

"काहीच नाही लागलं," ती म्हणाली.

"हो ना," शैला दारातून म्हणाली. "आता फोडा नारळ."