अर्धा कप चहा आणि क्वांटम

विश्वाच्या जन्मापासून मूळव्याधीपर्यंत कुठलाही प्रश्न विचारा, माझ्या मामेसासऱ्यांकडे उत्तर एकच: क्वांटम कॉम्प्युटर. अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून रिटायर होऊन मामा बदलापूरला राहायला आले आणि मोबाइलवर विज्ञानाचे व्हिडिओ बघता बघता त्यांना हा नाद लागला. उल्हासनगरच्या बाजारात एकदा मी त्यांच्यासोबत होतो. मामांनी कॉम्प्युटरच्या सिंधी दुकानदाराला सरळ विचारलं, "साईं, क्वांटम कॉम्प्युटर आया क्या?" तोही पक्का. म्हणाला, "माल अगले हफ्ते आयेगा अंकल, कवर अभी ले जाओ." मामांनी कव्हर घेतलं! आजही ते कपाटात घडी घालून ठेवलेलं आहे.

बिल्डिंगची मोटर लावायची पाळी मामांची आली की सगळे आपापली दारं लावून घेतात. मोटर चालू करून ते जिन्यातच कुणाला तरी गाठतात. "औषधाचा रेणू शरीरात कसा वागेल, ते हे यंत्र आधीच करून दाखवणार. अहो, तारे कसे जन्मतात तेही कळेल!" तोवर गच्चीवरची टाकी भरून बारवी धरणाचं पाणी जिन्यात उतरलेलं असतं. "मामा, तारे राहू द्या, मोटर बंद करा!" तळमजल्यावरच्या काकू ओरडतात.

शिवाय माणूस हल्ली चिक्कू झालेला. पाहुणा कुणीही असो, चहा अर्धाच कप. जावयालासुद्धा! यावरून मी बायकोला भरपूर छळलं.

गेल्या दिवाळीत मात्र चहा मी केला आणि फुशारकीने सगळ्यांचे कप काठोकाठ भरले. मामींनी पदराखालचा हात बाहेर काढून कप उचलला. हात इतका थरथरत होता की निम्मा चहा साडीवर सांडला. मामांनी फडकं आणलं. मग आतल्या खोलीत मला म्हणाले, "कंपवात आहे तिला. एकटीला अर्धा दिला तर चारचौघांत ओशाळते, म्हणून सगळ्यांनाच."

मला माझीच लाज वाटली. एवढ्यात बाहेरून मामी हसून म्हणाल्या, "यांचं मशीन येऊ दे, औषध शोधू दे, मग भरलेला कप पिते की नाही बघा!"

मामा हसले नाहीत. हळूच म्हणाले, "जावईबापू, हिच्या हयातीत येईल ना हो?"

एरवी उत्तरंच देणाऱ्या मामांना असं काकुळतीने विचारताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी "येईल की," म्हणालो.

आता उल्हासनगरला गेलो की मीच त्या दुकानदाराला विचारतो, माल आया क्या. तो म्हणतो, अगले हफ्ते. परतताना बदलापूरला उतरून मी ते मामांना सांगतो आणि अर्धा कप चहा पिऊन घरी येतो.