शनिवारची मोजणी

आमच्या ऑफिसात नाशिक शहरातल्या वाहतुकीसाठी दोन सॉफ्टवेअर होती. त्यातलं माझं सांगायचं, कुठल्या भागातून कुठे किती माणसं जाणार. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमचं एकेका चौकात बस, रिक्षा, दुचाक्या स्क्रीनवर पळवून दाखवायचं. दोघांचे आकडे वेगळे, म्हणून उत्तरंही वेगळी, आणि भांडण रोजचं. शेवटी साहेबांनी फर्मान काढलं की आकड्यांचा तक्ता एकच, दोन्ही सॉफ्टवेअरनी आकडे त्यातूनच घ्यायचे.

एका जागेचे दोन आकडे निघाले तर नवा ठेवायचा, असं ठरलं. सातपूरच्या बसथांब्याचा नवा आकडा माझा होता. स्वतः उन्हात उभं राहून मोजलेला, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच होतो. मॅडमचा जुना आकडा मी तक्त्यातून काढून टाकला. त्या अजून वहीत पेन्सिलीने मोजणी लिहितात, यावरून त्यांची थट्टाही केली.

मग पहिल्यांदाच दोन्ही सॉफ्टवेअरचं एकमत झालं. दुपारी साडेतीनची बस रिकामी धावते, ती बंद करावी. ऑफिसात पेढे वाटले. अहवाल सोमवारी जायचा होता.

माझी वहिनी सातपूरच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जाते आणि त्याच बसने घरी येते. रविवारी मी तिला लॅपटॉपवर ती रिकामी बस कौतुकाने दाखवली. ती म्हणाली, त्या बसला उभं राहायलाही जागा नसते, मोजलंत कधी? मी म्हटलं, मागच्या शनिवारी.

"भावजी, सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारीच असते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्खा जन्म नाशकात गेला माझा. शनिवारी आमच्या ऑफिसला सुट्टी, म्हणून मी तोच दिवस धरला होता.

सोमवारी अहवाल थांबवला आणि मॅडमकडे वही मागितली. त्यांनी मंगळवारी केलेल्या मोजणीचं पान उघडून ती पुढे केली. त्यांचा मंगळवारचा आकडा पुन्हा तक्त्यात गेला, शेजारी 'वार' असा नवा रकाना आला. बस राहिली.

तरी एक गोष्ट मला अजून खाते. त्या शनिवारी मोजणी संपवून मी त्याच रिकाम्या बसने घरी आलो, तेव्हा दार वहिनीनेच उघडलं होतं. तिने गरम थालीपीठ वाढलं. मी ते खाल्लं आणि लगेच आकडे भरायला बसलो.